काकडू एका दिवसात: डार्विनहून पहाटे निघून रात्री परत, जमतं का? (अनुभव + एक प्रश्न)

फिरस्ता_मेलबर्नकर

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या.

जुलैत मुलांच्या सुट्टीत चार दिवस डार्विनला जाऊन आलो. मेलबर्नला दात वाजत होते आणि तिथे उतरल्या उतरल्या स्वेटर कंबरेला बांधले. काकडू नॅशनल पार्क बघायचंच होतं पण बायकोने त्यासाठी एकच दिवस मंजूर केला, बाकी तीन दिवस पोहणे आणि लोळणे. मग गाडी भाड्याने घेऊन सहाशे-सातशे किमी स्वतः हाणायची की टूरच्या बसने जायचं यावर घरात रीतसर भांडण झालं आणि बस जिंकली. आत्ता मागे वळून बघता बरंच झालं कारण परतीच्या वाटेवर मी बसमध्ये तोंड उघडं टाकून घोरत होतो, लेकीने व्हिडिओ काढलाय.

सकाळी सहाला पिकअप. तिथे जुलैत सूर्य सातनंतर उगवतो त्यामुळे गुडुप अंधार. स्टुअर्ट हायवेवरून थोडं गेलं की डावीकडे आर्नहेम हायवे लागतो, मग सरळ रस्ता आणि दोन्हीकडे झाडी, दोन तास हेच. मध्येच माणसाहून उंच वारुळं दिसायला लागतात. एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला गवत जळत होतं आणि कोणी विझवत नव्हतं, मी घाबरून ड्रायव्हरला सांगायला गेलो तर तो हसला. म्हणे मुद्दामच लावलीय. उन्हाळा कडक व्हायच्या आधी गवतात अजून ओल असताना थोडी थोडी आग लावून टाकायची म्हणजे पुढे मोठा वणवा पेटत नाही, इथले मूळ लोक हे हजारो वर्षं करत आलेत. आगीवर घारी घिरट्या घालत होत्या. आपलीच घार बरं का, मुंबईत कचऱ्याच्या ढिगावर असते तीच. धुरातून पळणारे टोळ आणि सरडे पकडतात. इथले लोक तर सांगतात की या पेटती काटकी चोचीत किंवा पायात धरून पुढे नेऊन टाकतात आणि नवीन जागी आग लावतात.

पार्क केवढं आहे याचा अंदाज नकाशावर येत नाही. जवळजवळ २०,००० चौ. किमी, म्हणजे आपला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर (जुनं नगर हो) त्यात आरामात बसून वर जागा उरेल. त्यामुळे 'काकडू बघून आलो' असं म्हणणं म्हणजे तसा विनोदच. आम्ही दोन जागा बघितल्या, उबिर आणि यलो वॉटर.

वाटेत साऊथ ॲलिगेटर नदी लागते. ॲलिगेटर इथे एकही नाही. १८१८ च्या सुमारास फिलिप पार्कर किंग नावाचा इंग्रज दर्यावर्दी आला, त्याने मगरी बघितल्या आणि ॲलिगेटर समजून तीन नद्यांना ती नावं दिली. दोनशे वर्षं झाली, पाटी तशीच.

उबिरला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. लांबून बघितलं तर नुसते खडक, एकावर एक रचलेले, पुढे आलेले, खाली सावली. मी मनात म्हटलं एवढ्यासाठी चार तास? आणि मग मुख्य गॅलरीसमोर उभा राहिलो.

भिंतभर मासे आहेत. लाल, पिवळे, पांढरे, एकावर एक काढलेले. माशाच्या आतलं सगळं दिसतं, मणका, काटे, पोटातले अवयव. याला एक्स-रे शैली म्हणतात असं वाचलं होतं पण मला ते काहीतरी गूढ बिढ असेल असं वाटलेलं. तिथे पार्कची एक रेंजर होती, तिथल्याच बिनिंज लोकांपैकी (पार्कच्या उत्तरेकडचे ते बिनिंज, दक्षिणेकडचे मुंग्गुय). तिने हाताने हवेतच मासा कापून दाखवला, हा भाग चरबीचा, हा म्हाताऱ्या माणसांना, हे फेकायचं. म्हणजे जेवणाचीच गोष्ट आहे सगळी!

मग तिने माबुयूची गोष्ट सांगितली, त्याचं चित्र तिथेच आहे, लाल रंगात, धावणारा बारीक माणूस. हा माबुयू पकडलेले मासे दोरीला ओवून घरी नेत होता, कोणीतरी हावरटाने मागून दोरी कापली आणि मासे पळवले. माबुयू काहीच बोलला नाही. रात्री चोरांनी मासे खाल्ले, गुहेत झोपले, मग याने भला मोठा दगड आणून गुहेचं तोंड बंद केलं. सकाळी कोणी बाहेर आलं नाही. माझा मुलगा आठ वर्षांचा, त्याने विचारलं पुढे काय झालं. ती म्हणाली, लहान मुलांना सांगायची गोष्ट एवढीच आहे. मला वाटलं गंमत करतेय. पण नाही, खरंच तसं असतं म्हणे, एकच गोष्ट वयाप्रमाणे, नात्याप्रमाणे थोडी थोडी उघडतात आणि पाहुण्यांना लहान मुलांइतकीच मिळते. मी ४३ वर्षांचा इंजिनियर, माझी पात्रता तिसरीतल्या पोराएवढी. गंमत म्हणजे अजिबात वाईट वाटलं नाही.

वर नादाब म्हणून पॉइंट आहे, शेवटचा २५० मीटरचा चढ खडकावरून आहे, गुडघे कुरकुरले, पण वर गेल्यावर समोर हिरवंगार पाणथळ मैदान, थेट क्षितिजापर्यंत. तिथे कोणी बोलत नव्हतं. मुलंसुद्धा.

दुपारी यलो वॉटरची बोट, दीड तास, त्याबद्दल नंतर लिहितो, हात दुखले. जेवणाचं मात्र लिहितोच. बुकिंगला व्हेज लिहून दिलं होतं, खोक्यात चिकन निघालं. बायकोने अख्खा दिवस आमच्या पिशवीतल्या दाण्याच्या चिक्कीवर काढला. कंपनीचं नाव विचारू नका.

प्रश्न असा की आई-बाबा (६८ आणि ७२) ऑक्टोबरमध्ये येतायत, त्यांना हे दाखवायचंय. एका दिवसाची दगदग झेपेल का? आणि ऑक्टोबर कसा?

बाबूराव_पर्थ

मस्त लिहिलंय भाऊ, येऊ द्या पुढचं.

ऑक्टोबर नको!! अजिबात नको. मी एकदा नोव्हेंबरात कामासाठी गेलो होतो, पाऊस यायच्या आधीचे ते दिवस म्हणजे ढग येतात, गडगडतं, अंगातून पाणी निथळतं आणि पाऊस काही पडत नाही. तिथे त्याला बिल्ड-अप म्हणतात. आपल्याकडचा मे अखेरचा कोकण घ्या आणि वर दहा टक्के लावा.

तिथले लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. गुनुमेलेंग हा बिल्ड-अपचा, ऑक्टोबर मध्यापासून. मग गुजेउग म्हणजे खरा पावसाळा, मग बांगेरेंग एप्रिलमधलं वादळवारं ज्यात उंच गवत आडवं होतं, मग येगे, वुर्रगेंग, गुर्रुंग. तुम्ही गेलात तो वुर्रगेंग, सगळ्यात थंड. पालकांना मे अखेर ते ऑगस्ट मध्यापर्यंतच न्या. तिकीट बदलता येत असेल तर बदला.

अलिबागची_सून

थांबा थांबा. भिंतीवरचा तो मासा बारामुंडी ना? मग तो आपला जिताडा आहे!

गंमत नाही करत, तंतोतंत तीच जात, शास्त्रीय नाव पण एकच आहे. आमच्याकडे अलिबाग-पेण पट्ट्यात खारेपाटातल्या तळ्यांत वाढवतात, जावयाला जिताडा नाही घातला तर त्याला मान दिला नाही असं समजतात. खाडीच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालणार आणि पिल्लं पावसाळ्यात गोड्या पाण्यात वर चढणार, हे तिकडेही तसंच असणार. आणि एक भन्नाट गोष्ट, हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. त्यामुळे ज्या मोठ्या जिताड्यात गाबोळी सापडते ती बाई तरुणपणी बुवा होती.

फोटो असेल तर टाका ना प्लीज, सासूबाईंना दाखवायचाय. त्यांनी उभ्या आयुष्यात जेवढे जिताडे साफ केलेत तेवढे कोणत्या चित्रकाराने बघितले नसतील.

फिरस्ता_मेलबर्नकर

काय सांगता!! मी इथे दर शुक्रवारी बारामुंडी फ्राय खातो, बारा वर्षं, आणि मला माहीतच नाही की जिताडा खातोय. माझं आजोळ पेण. लाज वाटली.

फोटो टाकलाय बघा. मुख्य गॅलरीचे फोटो काढायला परवानगी होती, काही ठिकाणी नसते तिथे पाटी असते.

यलो वॉटरचं राहिलं होतं. कूइंडा नावाच्या ठिकाणाहून बोट निघते, नदीच्या फाट्यावर पसरलेलं पाणी, त्याला बिलाबाँग म्हणतात. कमळाची पानं इतकी की बोट पानांवरून चाललीय असं वाटतं, आणि ते कमळ पण आपलंच कमळ बरं का. पानांवर लांब बोटांचे कमळपक्षी टणाटण चालत होते. गाइडने सांगितलं की बाप पिल्लांना पंखाखाली घेऊन पळतो, बाहेरून नुसते पाय लोंबताना दिसतात, एका पक्ष्याला दहा पाय. आम्हाला नाही दिसलं, पण लेक अजून तेच चित्र काढतेय.

मगर बघितली ती मात्र विसरणार नाही. चार मीटरची तरी असेल, काठावर चिखलात पडलेली, तोंड उघडं. बोट जवळ गेली तरी ढिम्म. मग काय वाटलं कोण जाणे, उठून पाण्यात शिरली. शिरली म्हणजे काय, एवढं धूड पाण्यात गेलं आणि पाण्यावर एक रेघ उठली नाही, आवाज नाही. समोर होती आणि मग नव्हती. बोटीच्या कठड्यावर ठेवलेले सगळ्यांचे हात एकदम आत आले.

टेकडीवाला

छान अनुभव. पण स्पष्टच बोलतो, राग मानू नका, एक दिवस म्हणजे बसची खिडकी बघणे. आम्ही तीन रात्री पार्कातल्या जबिरू गावात राहिलो. तुमचं बुर्रुंगकुय राहिलं, ज्याला नोरलँजी म्हणायचे. तिथे आनबांगबांगची गॅलरी आहे, नामार्गोन म्हणजे वीज पाडणारा पुरुष. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पट्टा त्याच्याभोवती, ती वीज, आणि गुडघ्या-कोपरांना दगडी कुऱ्हाडी बांधलेल्या, त्या ढगांवर आपटल्या की गडगडाट. त्याची मुलं म्हणजे एक प्रकारचे टोळ, भगवे आणि निळे, अगदी रंगवल्यासारखे, पहिल्या वादळांच्या आधी बाहेर पडतात आणि बापाला हाका मारतात असं मानतात.

आणि ती गॅलरी जुनी नाहीये हे ऐकून आमच्या ग्रुपमधल्या काकांचा फार हिरमोड झाला. खाली माणसं वीसेक हजार वर्षं राहत आलीत पण भिंतीवरची आत्ता दिसणारी ठळक चित्रं १९६४ ची. नायोम्बोल्मी नावाचा मोठा चित्रकार होता, त्याने जुन्या पुसट झालेल्या चित्रांवर पुन्हा रंगवलं.

चिंगी

काय??? जुन्या चित्रांवर परत रंगवलं? हे म्हणजे अजिंठ्यात कोणीतरी रंगाचा डबा घेऊन शिरल्यासारखं झालं. पुरातत्त्ववाल्यांनी आत टाकलं असतं आपल्याकडे.

कातळवेडा

चिंगीताई, मला पण आधी असंच वाटायचं. पण अजिंठा सोडा, गावातल्या मारुतीचं बघा. दरवर्षी शेंदूर लावतात, पुटं चढत चढत मूळ दगड दिसेनासा होतो, कधीतरी ते कवच गळून पडलं की आतून वेगळीच मूर्ती निघते. आपण म्हणतो का की मारुती खराब केला? वारल्यांचा लग्नाचा चौक पण तसाच, सवाशिणींनी त्या लग्नापुरता तांदळाच्या पिठाने काढायचा, पुढचं लग्न आलं की नवीन. तिथे रंगवणं हेच काम, रंगवलेलं टिकवणं हे नंतरच्या लोकांचं काम.

फरक एवढाच की कोणीही उठून रंगवायचं नाही. ज्याला त्या गोष्टीचा हक्क आहे त्यानेच. नायोम्बोल्मीला होता.

रंगांबद्दल थोडं. लाल म्हणजे हेमॅटाइट, आपल्या गेरूतला लोहाचा लाल तोच, तो दगडात शिरतो म्हणून हजारो वर्षं टिकतो. पांढरी माती नुसती वर बसते म्हणून आधी जाते. त्यामुळे सगळ्यात जुनी चित्रं बहुतेक लालच दिसतात, याचा अर्थ त्या लोकांना लालच आवडायचा असा नाही.

आणि चित्रातल्या प्राण्यांवरून काळ कळतो हे सगळ्यात भारी. हिमयुगात समुद्र तिथून शेकडो किमी लांब होता, तेव्हाच्या चित्रांत कांगारू वगैरे कोरड्या रानातले प्राणी. मग समुद्र चढला, नद्यांत खारं पाणी आलं, आणि भिंतीवर अलिबागच्या सूनबाईंचा जिताडा आला. मग गोडं पाणी साचून पाणथळ झाली, बदकं-हंसांसारखे मॅगपाय गूज आले. शेवटी जहाजं, बंदुका. उबिरलाच एक गोरा माणूस काढलाय, हात खिशात. फिरस्ताभाऊ, तो बघितलात का? आणि टास्मानियन वाघ (नावाचाच वाघ, कुत्र्यासारखा पट्टेवाला प्राणी, आता नामशेष)?

फिरस्ता_मेलबर्नकर

गोरा बघितला! हात खिशात घालून उभा, अगदी आमच्या साइटवरचा सुपरवायझर.

वाघ रेंजरने दाखवला नसता तर दिसला नसता, खूप वर आहे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच संपला, म्हणजे ज्याने काढला त्याने तेव्हाच बघितलेला. आणि छताला इतक्या उंच चित्रं आहेत की तिथे हात पोचणं शक्य नाही. ती मिमी नावाच्या काटकुळ्या आत्म्यांनी काढली म्हणे, खडक खाली ओढून घेतला, रंगवला आणि परत वर ठेवून दिला. मुलाने लगेच मान्य केलं. मी शिडीचा विचार करत बसलो.

कातळवेडा

अजून एक बारीक गोष्ट, पुढच्या वेळी बघा. चित्रांच्या वर खडकावर सिलिकॉनची बारीक रेघ ओढलेली असते, खिडकीच्या फटीत भरतात तसली. पावसाचं पाणी वरून ओघळत चित्रावर येऊ नये, तिथेच तुटून खाली टपकावं म्हणून. एवढा साधा उपाय आणि केवढं काम करतो.

मला तिथे उभं राहून आपला बारसूचा आणि कशेळीचा सडा आठवत होता. आपली कातळशिल्पं जांभ्यात कोरलेली, रंग नाही, पण उघड्यावर. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली खरी, तरी चिरेखाणींची भीती आहेच. आणि भीमबेटका शोधणारे वाकणकर आपलेच की, १९५७ साली रेल्वेतून जाताना ते खडक दिसले आणि उतरून चालत गेले. काकडूत निदान जमिनीचे मूळ मालक पार्कच्या बोर्डावर बहुमतात आहेत, पार्क चालवणं सरकारबरोबर एकत्र आहे. आमच्याकडे सड्याचा मालक मुंबईत, कूळ गावात आणि कोरीव हत्ती दोघांच्या मध्ये.

बाबूराव_पर्थ

एकत्र वगैरे ठीक आहे, पण त्याच पार्कच्या मधोमध युरेनियमची खाण होती हे पण लिहा की. रेंजर माइन. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून २०२१ पर्यंत चालली, जबिरू गाव त्या खाणीच्या लोकांसाठीच बांधलं. जागेचे मालक मिरार लोक, त्यांचा विरोध होता तरी. दुसरी खाण जबिलुका, ती मात्र त्यांनी होऊ दिली नाही, १९९८ ला रस्ता अडवून बसले होते महिनोन्‌महिने. त्याच जबिलुकाच्या हद्दीत माजेदबेबेचा खडक आहे जिथे खोदकामात सापडलेल्या दगडी हत्यारांचं आणि गेरूचं वय ६५,००० वर्षांपर्यंत काढलंय, २०१७ मध्ये जाहीर झालं.

टेकडीवाला

खरंय. जबिरू २०२१ मध्ये मिरार लोकांना परत मिळालं. आम्ही राहिलो तेव्हा निम्मी घरं रिकामी होती, रस्ते रुंद, सुपरमार्केट एक. खाणीचं गाव खाणीनंतर जसं दिसतं तसं.

चिंगी

शेंदराचं पटलं मला. पण तरी ६४ सालाआधी खाली काय होतं हे आता कधीच कळणार नाही, याचं वाईट वाटतं ते वाटतंच.

कातळवेडा

वाटू दे की. मला पण वाटतं.

टेकडीवाला

मूळ प्रश्नावर येतो. आई-बाबांना एका दिवसात न्यायचं तर फक्त बोट आणि उबिरची खालची गॅलरी, नादाबचा चढ सोडा. गॅलरीची वाट बरीचशी सपाट आहे. पण खरं तर एक रात्र कूइंडाला काढा, सकाळची पहिली बोट घ्या, धुकं असतं, पक्षी जास्त, आणि म्हाताऱ्या माणसांना बारा-तेरा तास बसमध्ये कोंबायला नको. मग वाटेवर बुर्रुंगकुय पण होईल. पार्कचा पास सात दिवस चालतो, तेव्हा त्यात काही वाचत नाही. पावसाळ्यात उबिरचा रस्ता पाण्याखाली जातो कधीकधी, ते बघून जा. पाण्याच्या काठापासून पाच मीटर लांब हा नियम बाबांना विमानातच सांगून ठेवा, आमचे बाबा काहिल्स क्रॉसिंगला (नदी ओलांडायची जागा, मगरींचा अड्डा) हात धुवायला खाली निघाले होते.

अलिबागची_सून

सासूबाईंनी फोटो बघितला. चष्मा लावून, मोबाइल लांब-जवळ करून पाच मिनिटं. मग म्हणाल्या, "काटे बरोबर आहेत, भोत (पोटातली हवेची पिशवी) पण बरोबर जागी काढलाय. पण गाबोळी नाही, म्हणजे नर आहे, लहान असणार. चित्रात मात्र मोठा केलाय. मासे धरणारे सगळे तसलेच."

फिरस्ता_मेलबर्नकर

हाहाहा, सासूबाईंना साष्टांग नमस्कार! हे त्या रेंजरला कळवायला हवं.

टेकडीवाले, बाबूराव, धन्यवाद. आत्ताच घरी बोललो, आई-बाबांची तिकिटं पुढच्या जूनवर ढकलतोय, दंड बसतोय पण चालेल. एक रात्र कूइंडा नक्की. आई शुद्ध शाकाहारी आहे, तिथे काय मिळतं कोणाला माहीत आहे का? की थालीपीठाची भाजणी घेऊन जाऊ?

टेकडीवाला

भाजणी घेऊन जा. आणि तोंडावर माश्या बसू नयेत म्हणून डोक्यावरून घालायची जाळी पण, डार्विनमध्येच घ्या, घरच्या प्रत्येकाला एक.